साखळी बिनचूक निघाली

ओळ इंग्रजीत होती आणि वाचून काही व्हावं असं तिच्यात काही नव्हतं. कुकडी नदी उतरताना कळंबचा एक महार बुडाला. मोजणीची साखळी त्याच्या कमरेला बांधलेली असल्यामुळे त्याच दुपारी मिळाली आणि तपासून पाहता बिनचूक निघाली. झालं, संपलं. पुढच्या ओळीपासून पात्राची रुंदी, मुरूम किती फुटांवर लागतो, पुलाला कमानी किती लागतील, हे सुरू. प्रबुद्धनं ती ओळ ऑफिसात वाचतात तशी वाचली, म्हणजे नुसती डोळ्यांनी, आणि तो तीन पानं पुढे गेला. मग त्याचा हात माउसवर थांबला. एसीचा वारा मानेवर येत होता, पलीकडच्या टेबलावर कुणीतरी चिवड्याची पुडी फोडत होतं, आणि त्याला एकाएकी पँटचा पट्टा पोटाला आवळतोय असं वाटायला लागलं. त्यानं टेबलाखाली हात नेऊन पट्टा एक भोक सैल केला. तरी आवळतच होतं. तो तीन पानं मागे आला. कळंबचा एक महार. ऑक्टोबर अठराशे एक्याऐंशी. त्या साली कळंबहून रेल्वेच्या साहेबाबरोबर गेलेला आणि परत न आलेला माणूस एकच होता, आणि तो प्रबुद्धच्या घरातला होता. एकशे चव्वेचाळीस वर्षं ज्याला घरानं शिव्या घातल्या, तो.

प्रबुद्धचं वय सत्तेचाळीस. पुण्यात बाणेरला सातव्या मजल्यावर ऑफिस, आणि काम म्हणजे रस्त्यांचे, रेल्वेचे मार्ग संगणकावर आखून द्यायचे. जी जमीन आपण कधी तुडवली नाही तिच्यावर रेघ मारायची, हेच त्याचं पोट. सध्या समोर पुणे-नाशिक रेल्वेची फाइल होती. ही रेल्वे म्हणजे मंचर-जुन्नर पट्ट्यातली सगळ्यात जुनी थाप. दर काही वर्षांनी कुणीतरी येतं, खुंट्या ठोकतं, चुन्याची रेघ ओढतं; पोरं त्या रेघेला क्रीज समजून क्रिकेट खेळतात; पाऊस पडतो, रेघ धुऊन जाते, आणि म्हातारी माणसं म्हणतात, आमच्या बापानंबी आशीच रेघ बघितली व्हती. यंदा फरक एवढाच की रेघ कळंबच्या पोरानं मारलेली होती. त्याचा साहेब ऋषी, वय एकोणतीस, त्याला आदरानं 'सर' म्हणायचा आणि कामं मात्र शिपायासारखी सांगायचा. "सर, रिपोर्टला इतिहासाचं एक चॅप्टर हवंय. दोनच पानं. इंग्रजांनी केलेले सर्व्हे वगैरे. क्लायंटला आवडतं." म्हणून कुठल्याशा संग्रहालयातून आलेलं ते मोजणीचं जुनं पुस्तक, पिवळ्या पानांचे फोटो, चार दिवस त्याच्या पडद्यावर पडून होतं. ते लिहिणाऱ्या इंग्रज साहेबाचं अक्षर मोठं देखणं होतं. टेकड्या त्यानं अशा काढल्या होत्या की हात फिरवून बघावा.

घरातला तो माणूस गेनू, म्हणजे प्रबुद्धच्या वडिलांचा, आबांचा, पणजोबा. घरात त्याची गोष्ट सगळ्यांना पाठ होती. त्या साली गावकीची पाळी गेनूच्या घरावर होती. सरकारी माणूस आला की त्याचं ओझं वाहायचं, शीव दाखवायची, वाट दाखवायची. नाही म्हणायची सोय नव्हती. रीत अशी, की शिवेपर्यंत जायचं, पुढच्या गावच्या महाराच्या डोक्यावर ओझं द्यायचं आणि परत फिरायचं. पण साहेबाला गेनूचा हात आवडला. लोखंडी साखळी ताणून धरायला हात सरळ लागतो, खांदा हलता कामा नये, आणि गेनूचा हलत नव्हता. साहेबानं त्याला शिवेवरून परत पाठवलं नाही. पुढच्या मुक्कामाला नेलं, मग त्याच्याही पुढच्या. बायको बयाबाई सात महिन्यांची गरोदर. दिवाळी गेली, पोर जन्मलं, गेनू आला नाही. गाव म्हणालं, साहेबाबरोबर उत्तरेला गेला, रेल्वेत लागला. पाटील म्हणाला, सरकारी साखळी घेऊन पळाला. पुढे कुणी बैलांचा व्यापारी सांगत आला, लांबच्या ठेसनावर बघितला, अंगात कोट होता, जवळ बाई होती. कोटाचं बयाबाईनं सोसलं असतं. तिची झोपडी उत्तरेकडे तोंड करून होती; दोन महिन्यांचं पोर पाटीत ठेवून तिनं दगड आणले, चिखल कालवला, स्वतःच्या हातानं ते दार बुजवलं आणि पूर्वेला नवं पाडलं. या घराला उत्तरेला भोक ठेवायचं नाही, असं तिनं पोराला सांगितलं, पोरानं त्याच्या पोराला. ती पुढे पन्नास वर्षं जगली. कपाळाचं कुंकू पुसलं नाही, कारण नवरा मेला नव्हता, पळाला होता.

छप्पन साली आबा तेरा वर्षांचे होते. त्यांच्या बापानं घरातले देव टोपलीत भरले आणि घोडनदीत सोडले. मरीआई गेली, म्हसोबा गेला, उपासतापास गेले, गळ्यातले दोरे गेले. गावकी तर त्याआधीच सोडली होती. उत्तरेच्या भिंतीला मात्र कुणी हात लावला नाही. ती काही देवाची रीत नव्हती, रागाची होती, आणि राग कुठल्या नदीत सोडतात हे कुणाला ठाऊक नव्हतं. पुढे आबा पाटबंधारे खात्यात पाटकरी झाले, कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या सांभाळायला लागले, त्यांनी विटांचं घर बांधलं, तेव्हा गवंडी म्हणाला, चूल इकडं आहे तर खिडकी इकडंच ठेवू, वारा याच अंगाचा. आबा म्हणाले, नाय. मग त्या कोंदट खोलीत प्रबुद्धची आई, द्रौपदाबाई, तीस वर्षं चूल फुंकत बसली. धूर छताला जाऊन परत तिच्याच तोंडावर यायचा. डोळे पुसता पुसता ती म्हणायची, "गेन्या, मेल्या, तू गेलास कोट घालून आन मी बसले हितं." हे ती इतक्या वेळा म्हणायची की लहानपणी प्रबुद्धला वाटायचं, गेन्या हे धुराचंच नाव आहे. पुढे गॅस आला, पण तोवर तिची छाती कामातून गेली होती. जिना चढताना ती दोन पायऱ्यांवर थांबायची आणि हसून सांगायची, गुडघे दुखतात.

आणि प्रबुद्धला, हे त्यानं जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं, गेनू फार आवडायचा. सगळं घर ज्याला शिव्या देतं तो आपला, असं त्याचं नववीत असतानाच ठरलं होतं. बाकी सगळे राहिले. ओझी वाहत राहिले, शीव दाखवत राहिले, मग पाळ्या सांभाळत राहिले, वरच्या आळीतल्या माणसानं हाक मारली की आधी उभे राहिले आणि मग कोण आहे ते बघितलं. एकटा गेनू शिवेवरून परत फिरला नाही. अवसरीच्या बाजूनं सायकल मारत जाताना त्याला तो दिसायचा, हिरवी झेंडी घेतलेला, कोट घातलेला, कुठल्याशा थंड गावच्या फलाटावर उभा. त्या गावात त्याची जात कुणी विचारत नाही. पुढे नोकरीत प्रबुद्ध उत्तरेकडे बराच हिंडला, आणि इटारसी काय, झाशी काय, रेल्वेच्या चाळींवरून जाताना त्याची नजर माणसांच्या कानांवर असायची. आबांचे कान मोठे, पाळ्या सुट्या. इटारसीला एकदा असे कान त्याला एका फाटकवाल्याच्या डोक्याला दिसले. प्रबुद्ध गाडी थांबवून उतरला, त्याला चहा पाजला आणि आडनाव विचारलं. फाटकवाला पंडित निघाला. प्रबुद्ध त्यावर स्वतःशीच खूप हसला होता, आणि रात्री लॉजवर जेवण गेलं नव्हतं.

आता हे. गेलाच नाही. आठ कोस. आठ कोसांवर पिंपळवंडीच्या अलीकडे कुकडीत संपला. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, ती तरी कुंपणापर्यंत असते. कोट नाही, फलाट नाही, थंड गाव नाही. आपण ज्याच्या मागे मागे एवढं लांब आलो तो मुळात निघालाच नव्हता, या विचारानं त्याला आधी संताप आला, आणि संताप कुणाचा तेही कळेना. साहेबाचा येईना, साहेबानं तर प्रामाणिकपणे लिहून ठेवलं होतं. त्यानं साखळी मोजली. म्हणजे कुणीतरी तिची ओली गाठ सोडवली असणार, फुगलेल्या पोटाला रुतलेली. मग ती काठावर पसरली असणार, शंभर कड्या, दोन्ही टोकांना खुंट्या, आणि साहेबानं वाकून बघितलं असणार, कुठे कडी उघडली का, लांबी वाढली का. आणि तो शेजारी पडलेला. त्याचं पुढे काय केलं ते पुस्तकात नव्हतं. दुसऱ्या दिवसाचं पान मुक्काम हलवला इथून सुरू होत होतं.

ऋषी मागे येऊन उभा राहिला होता. प्रबुद्धला वाटलं पडद्यावरचं पान बंद करावं, पण तोवर त्यानं वाचलं होतं. "अरे वा, हा किस्सा भारी आहे, सर," ऋषी म्हणाला. "माणूस जातो पण चेन परफेक्ट. हे आपण चौकटीत टाकू. वर हेडिंग द्या, 'अचूकतेची परंपरा'. फक्त ते बुडाला-बिडाला जरा सॉफ्ट करा." प्रबुद्ध म्हणाला, "करतो." त्याला म्हणायचं होतं, ऋषी, हा माझा माणूस आहे. पण तोंडातून आलं ते 'करतो', आणि तेसुद्धा खुर्चीवरून अर्धवट उठून. आपण उठलो हे त्याला ऋषी गेल्यावर कळलं. तो परत बसला.

आबा त्याला लहानपणापासून एकच म्हणत आले. उशिरा घरी आला, गेनूवर गेला. शाळेची सहल म्हणून हट्ट धरला, गेनूवर गेला. पुण्याला नोकरी धरली आणि महिना महिना फोन केला नाही, तेव्हा तर घरात येणाऱ्या-जाणाऱ्यालाही सांगायचे, ते गेनूचं वळण हाय, आमच्या हातात न्हाई. प्रबुद्ध वरवर चिडायचा, पण खरं सांगायचं तर त्या बोलण्याला त्यानं पाठ टेकली होती. रक्तातच आहे म्हटल्यावर माणूस करणार काय. बावीस सालच्या मार्चमध्ये आईला मंचरच्या दवाखान्यात ठेवलं तेव्हा तो भोपाळला होता. सोमवारी आबांचा फोन आला होता. तो म्हणाला, शुक्रवारी मीटिंग आहे, ती झाली की निघतो. मंगळवारी तेच म्हणाला. बुधवारी आबांनी आईच्या कानाला फोन लावला तर त्याला नुसता श्वास ऐकू आला, चुलीत फुंकणी मारल्यासारखा, आणि त्यालाही तो म्हणाला, आई, शुक्रवारी. ती गुरुवारी सकाळी गेली. त्यानं कळवलं, मी निघालोय, थांबा. तो शुक्रवारी दुपारी पोचला तेव्हा राख गार झाली होती. आबा ओसरीत बसले होते. वर न बघता म्हणाले, "तुझी वाट न्हाई बघितली. आमच्या घरातल्या बायांनी लई वाट बघितली. द्रौपदाला म्या नाय बघू दिली." त्यानंतर तीन वर्षांत ते त्याच्याशी कामापुरतं बोलले. प्रबुद्ध दिवाळीला जायचा, फराळाचा डबा ठेवायचा, परत यायचा. त्याच्या पुण्याच्या घरी ते एकदाच आले होते, तेही आई होती तेव्हा. सोसायटीतले लोक ज्या उत्तरेच्या दाराला कुबेराचं दार म्हणून मिरवतात, त्याच दारासमोर आबा लिफ्टमधून बाहेर पडले, सूर्य कुठे आहे ते जिन्याच्या खिडकीतून बघितलं, पॅसेजमध्येच उभ्यानं तांब्याभर पाणी प्याले आणि म्हणाले, "चांगलं हाय घर." आत आले नाहीत. आई आत जाऊन सगळ्या खोल्या बघून आली, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी तिनं जरा जास्तच वेळ लावला.

रविवारी सकाळी तो निघाला. खिशात त्या पानाची छापील प्रत घडी करून ठेवली होती. आपण कशाला चाललो आहोत हे त्यानं वाटेत दोन-तीन वेळा स्वतःला विचारलं आणि दर वेळी वेगळं उत्तर आलं. राजगुरुनगरपर्यंत वाटत होतं, गेनूवरचा आळ काढायला. एवढ्या वर्षांनी का होईना, माणसाला न्याय मिळावा. मंचर येईतो खरं काय ते वर आलं. आबांनी आपल्याला गेनूबरोबर एका दावणीला बांधलं आहे. गेनू सुटला तर आपणही सुटू. गेनू पळपुटा नव्हता असं ठरलं की आबा एकदा तरी म्हणतील, बस, जेवून जा. आणि याच्याही खाली, अगदी तळाला, काहीतरी घाण होतं, ते त्यानं कळंबच्या पुलावर कबूल केलं. त्याला आबांना दुखवायचं होतं. बुडालेल्या माणसावर रुसून तुम्ही माझ्या आईला तीस वर्षं धूर पाजलात, हे तोंडावर म्हणायचं होतं. घोडनदी खाली होती तेवढीच होती. त्यानं गाडी गावात वळवली नाही. तशीच पुढे नेली, नारायणगाव मागे टाकलं, आणि ज्या आठ कोसांना गेनूला साहेबाच्या चालीनं बारा दिवस लागले होते ते पाऊण तासात संपले. पिंपळवंडीच्या अलीकडे उसातून जाणाऱ्या रस्त्यानं तो नदीवर उतरला.

बघायला काही नव्हतं. पाणी रुंद, हिरवं, गप्प. काठावर उपसा मोटारींचे पाइप पाण्यात सोडलेले. एक म्हातारी गोधड्या धूत होती, तिनं हात न थांबवता विचारलं, "कुनाचं पावणं म्हनायचं?" प्रबुद्ध म्हणाला, कळंबचा. मग उगीचच म्हणाला, आमचा एक माणूस इथं बुडाला होता. तिचा हात थांबला. "आगं बया. कवा?" तो म्हणाला, खूप वर्षं झाली. इंग्रजांच्या काळात. यावर दुसरं कुणी हसलं असतं. सरूबाई, तिनं आपलं नाव नंतर सांगितलं, हसली नाही. पाण्याकडे बघून म्हणाली, "त्यो काठच आता ऱ्हायला न्हाई, भाऊ. धरण झालं तवापून समदं खाली गेलं. आमची देवळं गेली, बांध गेलं, मानसं बी गेली आसतील." मग तिला वाटलं असावं की पाहुण्याला एवढ्यावर लावून देणं बरं नाही. "व्हता कोन तुमचा?" प्रबुद्धला खापरपणजोबा म्हणायचं होतं. तो म्हणाला, "कामावर होता." म्हातारी म्हणाली, "मंग बरूबर," आणि गोधडी पिळायला लागली. त्यात बरोबर काय होतं हे विचारायचं त्याला धाडस झालं नाही. त्याला एवढंच वाटलं की पाण्यात पाय घालावे, आणि तेही त्यानं केलं नाही, बूट नवे होते.

कळंबला तो त्या दिवशी वरच्या अंगानं आला, नाशिककडून. आबा ओसरीत बाजेवर लसूण निवडत होते. ब्याऐंशी वर्षांचे, कान आणखी मोठे झालेले. गाडी बघून म्हणाले, "तिकडनं कुठनं आला?" तीन वर्षांत विचारलेला हा पहिला खरा प्रश्न होता. प्रबुद्ध खाली पायरीवर बसला. वाटेत घोकलेलं सगळं भाषण विसरलं. कागद काढला, घडी उलगडली आणि त्यानं ती ओळ इंग्रजीतून मराठीत सांगितली, जशी होती तशी, काही सॉफ्ट न करता. बुडाला. साखळी कमरेला बांधलेली होती म्हणून त्याच दुपारी मिळाली. तपासली तर बिनचूक निघाली. आबांच्या हातातली पाकळी हातातच राहिली. आत नात तेजस्विनी, प्रबुद्धच्या बहिणीची मुलगी, टीव्ही लावून बसली होती. आबांनी हाक मारून तो बंद करायला लावला.

"कुठली नदी?"

"कुकडी. पिंपळवंडीपाशी. आत्ता तिथूनच आलो."

"पिंपळवंडी," आबा म्हणाले. "म्हंजे हितंच. सासुरवाडीला जावं तेवढं." मग हातातली पाकळी खाली ठेवून, "कमरंला बांधली व्हती म्हनतोस?"

"हो. कशाला बांधली असेल काय माहीत. टाकून दिली असती तर वाचला असता. पोहता येत असणारच."

आबांनी त्याच्याकडे असं बघितलं की हा कुठल्या गावचा. "टाकून कशी देईल? सरकारी वस्तू. हातातनं सुटली आसती तर पाठीचं सालटं काढलं आसतं, आन घरावर आली आसती ती येगळीच. म्हून बांधायची. म्या बी कालव्यात उतरताना गेटाची चावी कमरंलाच बांधायचो. पूर आला तरी सोडायची न्हाई." ते हे अभिमानानं बोलत होते की आणखी कशानं, ते प्रबुद्धला कळेना. त्याला फक्त आठवलं, परवा ऋषीसमोर आपण खुर्चीवरून उठलो होतो.

"नाव हाय का त्यात?"

हा प्रश्न येणार हे त्याला ठाऊक होतं. "नाही, आबा. नुसतं कळंबचा महार. म्हणजे तसं बघितलं तर शंभर टक्के असं नाही म्हणता येत..."

"मंग त्योच," आबा म्हणाले. "नाव आसतं तर म्या म्हनलो आसतो, दुसरा कुनी आसंल."

ते उठले. काठी न घेता आत गेले. प्रबुद्ध मागोमाग गेला. स्वयंपाकघराची ती भिंत अजून काळी होती. चुना दोनदा दिला होता, पण आतला काळा वर येत होता. आबांनी तिच्यावर तळवा ठेवला, म्हशीच्या अंगावर ठेवावा तसा. आता म्हणावं, असं प्रबुद्धच्या मनात आलं. आता म्हण, की धूर कुणी पाजला. ओठावर आलं आणि तिथंच राहिलं, कारण आबांना ते कुणी सांगायची गरज उरली नव्हती. "बयानं शिव्या घातल्या," ते भिंतीला म्हणाले. "माझ्या आज्यानं घातल्या, बापानं घातल्या. द्रौपदा तर मरस्तवर घालत व्हती. आन त्यो गडी घराकडंच यायचा व्हता. काम सपलं का सुटला आसता आन आला आसता. बायकू पोटुशी, जाईल कुठं?" तेजस्विनी दारात येऊन उभी होती, तिला काही कळत नव्हतं. प्रबुद्ध थांबला होता. लहानपणी निकाल हातात घेऊन तो असाच आबांपुढे उभा राहायचा. आता ते वळतील, आता म्हणतील, तुला बी उगाच बोललो. बस, जेवून जा.

आबा वळले. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्याच्याकडे सरळ, डोळ्यात बघितलं. राग नव्हता. राग असता तर प्रबुद्धनं तो घेतला असता, त्याची सवय होती. त्यांना खरोखरच कळत नव्हतं आणि कळून घ्यायचं होतं.

"म्या तुला जल्मभर म्हनत आलो, गेनूवर गेला," आबा म्हणाले. "त्यो तर तसा नव्हताच. मंग तू रं कुनावर गेला?"